आमटीत पाणी

जयपुरात येऊन अठरा वर्षं झाली, तरी पत्ता सांगताना माझी जीभ दोन वळणं घेते. इथल्या रिक्षावाल्याला ‘तिलक नगर’, नगरच्या आत्याला ‘टिळक नगर’. मोती डुंगरी, बिर्ला मंदिर, तिथून फार लांब नाही, असं पहिल्यांदा तिला फोनवर समजावत होतो तेव्हा तिने मध्येच विचारलं, “कोणते रे टिळक? केसरीवाले की आमचे?”

आमचे म्हणजे नगरकडे पाळक असलेले कवी, रेव्हरंड नारायण वामन टिळक. मी म्हटलं, केसरीवालेच असणार. “हो, आमच्यांच्या नावाने कोण कशाला वसाहत काढतंय,” असं म्हणून ती भाजी काय केलीस यावर गेली.

दोघेही कोकणस्थ, दोघेही रत्नागिरीकडचे, वयात पाचेक वर्षांचं अंतर. १८९० मध्ये पुण्याच्या पंचहौद या ख्रिस्ती मिशनमध्ये चहा घेतल्याचं प्रकरण थेट शंकराचार्यांपर्यंत गेलं आणि त्यात लोकमान्यही सापडले. दुसऱ्या टिळकांनी १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत बाप्तिस्माच घेतला. चहावरून जिथे एवढं रामायण, तिथे या घरात काय झालं असेल! पत्नी लक्ष्मीबाई कडक सोवळ्यात वाढलेल्या, पदरात लहानगा दत्तू. सुमारे पाच वर्षं त्या नवऱ्यापासून दूर राहिल्या, मग आपणहून परतल्या आणि पुढे स्वतःच्या विचाराने ख्रिस्ती झाल्या.

टिळकांना पाळकाची दीक्षा मिळाली ती १९०४ मध्ये. राहुरी आणि नगरकडची त्यांची मंडळी म्हणजे बहुतेक महारवाड्या-मांगवाड्यांतून आलेली माणसं. गावकीची कामं करणारी, मोलमजुरीवर जगणारी. एखादा मिशनच्या शाळेत शिकून मास्तर झालेला. ख्रिस्ती देवळात त्यांच्यापुढे परक्या चालींवर बेतलेली गीतं असत, आणि घरी जात्यावर ओव्या. टिळकांनी ती ओवी देवळात आणली. अभंग आणले, भजन आणलं, ख्रिस्ताचं कीर्तन रंगवलं. तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडे आलो, असं ते उघड सांगत. ‘उपासना संगीत’ या पुस्तकात त्यांची अडीचशेच्या वर गीतं आहेत. मराठी ख्रिस्ती मंडळींच्या रविवारच्या उपासनेत ती आजही गायली जातात; गाणाऱ्यांतल्या अनेकांना कवीचं नाव ठाऊक नसतं. कवीला यापरतं काय हवं?

हा झाला देवळातला टिळक. घरातला टिळक आपल्याला ठाऊक आहे तो लक्ष्मीबाईंच्या ‘स्मृतिचित्रे’मुळे. शाळेची पायरी न चढलेली, नवऱ्याकडून अक्षरं शिकलेली ही बाई नवऱ्याला सबंध पुस्तकभर नुसतं ‘टिळक’ म्हणते. ‘हे’ नाही, ‘इकडून’ नाही. १९३४च्या सुमाराला पुस्तक छापून येऊ लागलं, तेव्हा कितीजणींची ही हिंमत होती?

त्यातले टिळक शीघ्रकोपी आहेत आणि तितक्याच शीघ्र विरघळणारे. मनात आलं की न सांगता घरातून नाहीसे होणारे. हातात पैसा आला की तो समोरच्या गरजवंताचा झाला, मग घरात दाणे असोत नसोत. दारात कोणीही यावं आणि राहावं. ‘बालकवी’ ठोंबरे याच घरात मुलासारखे राहिले. १९१७ मध्ये तर टिळकांनी मिशनची नोकरी आणि ठरलेला पगारच सोडला आणि साताऱ्यात ‘देवाचा दरबार’ उभारायला घेतला. जगाने याला त्याग म्हटलं, आणि तो होताही. पण पगार सोडणारा एक असतो आणि त्याविना चूल पेटवणारी दुसरी, हे चरित्रकारांना सहसा सुचत नाही.

विशीत हे पुस्तक वाचलं तेव्हा मी टिळकांवर फिदा होतो. पन्नाशीत वाचताना मात्र सारखी आईची वेलची-पूड ठेवायची डबी डोळ्यांसमोर येत राहिली. पितळी, झाकण जरा चेपलेलं, आणि वेलचीच्या तळाशी चार घड्या घातलेल्या नोटा. वडील दिलदार. ऑफिसातून येताना बरोबर एक-दोन माणसं असायचीच. “जेवूनच जा” हे वाक्य दाराबाहेरून ऐकू आलं की आई आमटीच्या पातेल्यात एक तांब्या पाणी ओतायची, आमसूल आणखी एक टाकायची आणि पातेलं पुन्हा विस्तवावर चढवायची. पाहुणे वडिलांना दुवा देत जायचे. मला वडिलांचा अभिमान वाटायचा. तांब्या कोणाच्या हातात होता, हे मी पाहत होतो आणि पाहत नव्हतो.

दान करणाऱ्याचा हात मोठा, पण खिसा कोणाचा, हा प्रश्न मी टिळकांना विचारू धजत नाही. जो माणूस वाड्यावस्त्यांतल्या माणसांबरोबर टाळ घेऊन बसला, स्वतःसाठी काही राखून ठेवलं नाही, त्याला जमाखर्च विचारणं कोतेपणाचं वाटतं. पण न विचारणंही अप्रामाणिकपणाचं आहे. स्वतःचं देऊन टाकणं आणि आपल्या माणसांचं देऊन टाकणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि संसारी माणसाला त्या वेगळ्या काढता येत नाहीत. संन्यासी सुटतो. पाळकाला बायको-मुलं असतात.

लक्ष्मीबाईंचं मोठेपण असं की त्या हा जमाखर्च मांडतात, पण फिर्याद करत नाहीत. नवऱ्याला संत करत नाहीत, खलनायकही करत नाहीत. त्याच्या फजित्या सांगून हसतात, आणि त्याच हसण्यात स्वतःची फजिती लपवत नाहीत. आणि गंमत अशी, की ज्या औदार्यापायी त्यांनी इतकं सोसलं तेच पुढे त्यांच्या अंगी भिनलं. एके काळी विटाळाला भिणाऱ्या या बाईने प्लेगच्या साथीत रोग्यांची शुश्रूषा केली, पोरक्या मुलांना पोटाशी धरलं. हे नवऱ्याने शिकवलं की मुळातच होतं? मला वाटतं, मुळातच होतं. नवऱ्याचं फक्त तिला विचारायचं राहून गेलं.

९ मे १९१९ रोजी मुंबईत टिळक गेले. ‘ख्रिस्तायन’ हे महाकाव्य अर्धवट, खरं तर अर्धंही नव्हे, पहिले दहा-अकरा अध्यायच झालेले. पुढचे साठाहून अधिक अध्याय लक्ष्मीबाईंनी लिहिले. घरातल्या इतर गोष्टींसारखंच हेही.

गेल्या हिवाळ्यात आई इथे तिलक नगरला आली होती. गॅसशेजारी स्टूल टाकून बसली होती, आणि मी आमटी ढवळत होतो. धीर करून विचारलं, “बाबा असे न सांगता माणसं आणायचे, तुला राग नाही यायचा?”

“राग कसला,” ती म्हणाली. “पाणी घातलं की मीठ परत घालावं लागतं. ते सोडून बाकी सगळं त्यांच्या लक्षात असायचं.” मग चमचा माझ्या हातातून घेऊन तिने चव पाहिली.