जागा बदलली तर देव तोच का?

दिवाडी बेटावरच्या नार्वे गावातून सप्तकोटीश्वराचे लिंग सोळाव्या शतकात नदीपार डिचोलीत आणले गेले, आणि जिथे ते बसवले त्या गावालाही आज नार्वेच म्हणतात. गोव्याच्या कदंब राजांनी ज्याचा वरप्रसाद आपल्या बिरुदात मिरवला, तो हा देव. पोर्तुगीजांनी देऊळ पाडले, लिंग विहिरीवर पाणी ओढण्याच्या कामी लावले आणि भाविकांनी ते तिथून गुपचूप हलवले, असे परंपरा सांगते. १६६८ मध्ये शिवाजी महाराजांनी डिचोलीतल्या या देवळाचा जीर्णोद्धार करवला. त्या काठावरचा देव तोच हा, याबद्दल भाविकांना कधी शंका आलेली दिसत नाही. ती यायला हवी होती असे नव्हे, पण का आली नाही हे तपासण्याजोगे आहे.

वेबसाइट सुट्या, पुन्हापुन्हा वापरता येणाऱ्या कंपोनंटमधून उभी करणाऱ्यांना ‘हा तोच का’ हाच प्रश्न रोज पडतो. फेसबुकने २०१३ मध्ये खुली केलेली रिअ‍ॅक्ट ही जावास्क्रिप्टची लायब्ररी घ्या. फॉर्म एकदाच लिहायचा आणि हवा तिथे बसवायचा. पण बसवलेला प्रत्येक फॉर्म आपली ‘स्टेट’ म्हणजे आतली साठवण वेगळी राखतो. पेडणे-डिचोलीच्या गावोगावी सातेरी देवी वारुळाच्याच रूपात पुजली जाते, तरी एका गावच्या सातेरीला बोललेला नवस दुसऱ्या गावी फेडत नाहीत, तसेच हे. मग स्क्रीन पुन्हा रंगवताना हा ‘तोच’ कंपोनंट हे रिअ‍ॅक्ट कशावरून ठरवते? जागेवरून, म्हणजे तो कोणत्या पालक-कंपोनंटच्या आत कुठे बसला आहे त्यावरून. त्याच जागी त्याच जातीचा कंपोनंट आला की तो जुनाच धरला जातो. गप्पांच्या अ‍ॅपमध्ये एकाला लिहायचा मजकूर अर्धवट ठेवून यादीतले दुसरे नाव निवडले, तर तो मजकूर चौकटीत तसाच राहू शकतो. प्रत्येक नावाला वेगळी ‘की’ म्हणजे ओळखखूण द्यायला प्रोग्रॅमर विसरला, तर एकाचे गुपित दुसऱ्याला जायचे. उलट तोच कंपोनंट एका पालक-कंपोनंटखालून काढून दुसऱ्याखाली नेला, की रिअ‍ॅक्टच्या लेखी जुना मेला आणि नवा जन्मला. आतले सगळे पुसले जाते.

सातेरीला हा नियम चपखल बसतो. वारूळ मातीतून उगवते, ते उचलून नेता येत नाही. जागा हीच तिची ओळख. सप्तकोटीश्वराला मात्र हा नियम लावला तर डिचोलीतला देव नवाच ठरतो. यावर कोणी म्हणेल, दगड तर तोच होता ना? होता; पण परंपरेच्याच म्हणण्याप्रमाणे विहिरीवरही तोच दगड होता, आणि तिथे त्याच्यावर अभिषेक होत नव्हता. नैयायिक ‘हा तोच देवदत्त’ या प्रत्यभिज्ञेकडे, म्हणजे ओळख पटण्याकडे बोट दाखवतील, बौद्ध म्हणतील की हा सारखेपणाचा भास. दोघेही उत्तर शोधतात ते समोरच्या वस्तूत. प्रोग्रॅमरचा तोडगा वेगळा आहे: जो कंपोनंट हलवूनही काही हरवू द्यायचे नाही, त्याची साठवण त्याच्यात ठेवायचीच नाही, दोन्ही जागांच्या वरच्या सामाईक पालकाकडे द्यायची. सप्तकोटीश्वराचे असेच झाले असे मला वाटते. देवाचे नाव, पूजेचा क्रम, नवसांचे देणेघेणे हे सारे लिंगाच्या आत नव्हते, ते हलवणाऱ्या समाजाकडे होते. शिरगावच्या लईराई देवीची कथा याहून पुढे जाते. तिच्या भावंडांत म्हापशाची मिलाग्रीस सायबीण, म्हणजे ख्रिस्ती मेरी, मोजली जाते आणि हिंदू भाविक चर्चमध्ये जाऊन तिला तेल वाहतात. इथे तर कंपोनंटची जातच बदलली, तरी बहिणीचे नाते पुसले गेले नाही, कारण ते दोन्ही बाजूंच्या लोकांनी धरून ठेवले होते.

श्रद्धावंताचा आक्षेप उघड आहे: मग देव माणसांच्या आधाराने उरतो का? माझा दावा देवाच्या अस्तित्वाबद्दल नाही, ओळखीबद्दल आहे. देव आहे की नाही हे समाज ठरवत नाही. ‘हाच तो’ हे मात्र समाजच म्हणू शकतो. विटंबना सोसलेल्या, उपऱ्या काठावर आलेल्या लिंगाला ते स्वतः सांगता आले नसते.

मला अडचणीचा वाटतो तो दुसरा आक्षेप. साठवण पालकाकडे असेल, तर पालक कोण? रिअ‍ॅक्टमध्ये खालच्या कंपोनंटला वरची साठवण थेट बदलता येत नाही. पालकाने बदलण्याची सोय खाली पाठवली, तरच. गोव्यातल्या देवळांचा कारभार आजही १९३३ च्या पोर्तुगीजकालीन नियमावलीने चालतो आणि महाजन, म्हणजे देवळाचे हक्कदार, कोण हे नोंदवहीतल्या नावांवर ठरते. ढोल वाजवणारे, राजांगण झाडणारे, नवस बोलायला येणारे कितीतरी जण त्या वहीत नसतात. देवाची ओळख मात्र तेही पिढ्यानपिढ्या सांभाळत आले आहेत.