कुठली तार?

मननाला बसताना डोळे मिटायची पद्धत आहे. आज ते उघडे ठेवा. खिडकीजवळच्या टेबलाशी बसा आणि आपला तळहात टेबलापासून चार बोटं वर धरा. व्हिज्युअल इफेक्ट्सच्या धंद्यात शिरायचं ठरवलेल्या माणसाने कुठलंही सॉफ्टवेअर उघडण्याआधी हे करून पाहावं. क्लासवाले सांगणार नाहीत. याची फी घेता येत नाही.

हाताखालची सावली पाहा. तिच्या कडा धूसर आहेत. हात सावकाश खाली आणा. सावली आक्रसते, कड धारदार होते आणि बोटं लाकडाला टेकतात तिथे एक बारीक, जवळजवळ काळी रेघ उमटते. ती रोज समोर असते आणि आपण ती पाहत नाही. पण संगणकात घडवलेला राक्षस पडद्यावर उभा केला आणि त्याच्या पावलांखाली ही रेघ नसली, तर तिसऱ्या रांगेतलं पोरगंही म्हणतं, ‘हा तरंगतोय.’ का ते त्याला सांगता येत नाही. त्याला जाणवणारी चूक तुम्हाला कारणासकट दिसणं, यावर इथली सगळी उमेदवारी उभी आहे.

थांबा. आता मनातल्या मनात तो हात काढून टाका. त्याखालचं लाकूड कसं असेल? रेषा कुठून कुठे गेल्या असतील? हाताचा रंग पॉलिशवर किंचित उतरला होता, तोही पुसावा लागेल. या कामाला पेंट म्हणतात. आणि माणसाची कड आखून त्याला मागच्या दृश्यापासून सोडवणं म्हणजे रोटो. मुंबईत, हैदराबादेत, चेन्नईत बहुतेकांची सुरुवात या दोन खात्यांत होते. सेकंदाला २४ फ्रेमा, म्हणजे पाच सेकंदांच्या शॉटला १२०. प्रत्येक फ्रेम नव्याने आखावी लागत नाही. हालचाल जिथे दिशा बदलते त्या फ्रेमा हेरून तिथे आकार बसवायचा, मधलं बरंचसं संगणक भरतो. हेरणं मात्र आपलं. आत्ता पुढ्यातला पेला उचला आणि पाहा, आधी काय हललं? खांदा की मनगट? कोपर किती मागून निघालं?

पुन्हा करा. आणखी एकदा. कंटाळा आला का? आला असेल तर त्याला नीट न्याहाळून घ्या. पुढची दोन-तीन वर्षं तो तुमच्या शेजारच्या खुर्चीवर बसणार आहे.

कंटाळ्याचा विषय निघाला की मला दादासाहेब फाळके आठवतात. ‘राजा हरिश्चंद्र’ १९१३ चा. त्याआधी भांडवल उभं करण्यासाठी त्यांनी ‘अंकुराची वाढ’ हा छोटा चित्रपट केला. कुंडीत वाटाणा, समोर कॅमेरा आणि महिनाभराहून जास्त काळ रोज थोडंसं चित्रण. पडद्यावर रोप बघता बघता वर आलं. पैसे देणाऱ्यांनी रोप पाहिलं. फाळक्यांनी तो महिना काय पाहिलं असेल, त्यावर जरा रेंगाळा. कुंडी हलता कामा नये. कॅमेरा तसूभर सरकता कामा नये. उद्याचा उजेड आजच्याशी जुळला पाहिजे. आपल्याकडच्या स्पेशल इफेक्ट्सचा इतिहास राक्षस आणि विमानांपासून सांगतात. मला तो या कुंडीपासून सांगावासा वाटतो. पुढे बाबूभाई मिस्त्रींनी ‘ख्वाब की दुनिया’साठी (१९३७) काळ्या दोऱ्यांनी वस्तू हवेत नाचवल्या आणि लोक त्यांना ‘काला धागा’ म्हणू लागले. दोरा दिसला असता तर हे नाव पडलं नसतं.

आता आईला तुमचा सिनेमा दाखवताय अशी कल्पना करा. ती विचारते, ‘यातलं तू काय केलंस?’ तुम्ही सांगता, ‘त्या बाईच्या मागची विजेची तार काढली.’ आई म्हणते, ‘कुठली तार?’ याहून मोठी शाबासकी या धंद्यात मिळत नाही, तरी ती ऐकून मन खट्टू होतं. होऊ द्या. त्यातून ओटीटीवर नावं सरकायला लागली की पुढचा भाग आपोआप सुरू होतो. (तेवढ्यासाठी रिमोट आधीच ताब्यात घ्यावा.)

मग ती अंधारी खोली डोळ्यांपुढे आणा. डेलीज, म्हणजे झालेल्या कामाची रोजची पाहणी, चालू आहेत, तुमचा शॉट पडद्यावर फिरून फिरून लागतोय. सुपरवायझर म्हणतो, ‘केसांची कड थरथरतेय.’ श्वास कुठे अडला, ते पाहा. ‘मूळ फुटेजच खराब होतं’ हे वाक्य ओठांपर्यंत आलंय. ते तिथेच राहू द्या आणि कड पाहा. जे टिकतात ते अशा वेळी सुपरवायझरच्या चेहऱ्याकडे न बघता पडद्याकडे बघतात. बाकी स्वभावाने ते एकमेकांसारखे नसतात.

पुढचं जड आहे, सावकाश घ्या. २४ फेब्रुवारी २०१३ च्या रात्री ‘लाइफ ऑफ पाय’ला व्हिज्युअल इफेक्ट्सचं ऑस्कर मिळालं. त्यातला वाघ घडवणाऱ्या ऱ्हिदम अँड ह्यूज या कंपनीने त्याच महिन्यात, काही दिवस आधी, दिवाळखोरीचा अर्ज केला होता. बाहेर रस्त्यावर कलाकार निदर्शनं करत होते. मंचावर पुरस्कार घेताना बिल वेस्टनहोफर कंपनीच्या अडचणींबद्दल बोलू लागले तशी वाद्यं मोठी झाली आणि भाषण तुटलं. या कंपनीचे स्टुडिओ मुंबई-हैदराबादेतही होते. वाघ अप्रतिम झाला आणि कंपनी बुडाली, ही दोन्ही वाक्यं एकदम मनात धरून बसा. एकाने दुसरं खोडायची घाई करू नका. शॉटची किंमत आधी ठरते, दिग्दर्शकाचं मन नंतर बदलतं, आणि त्या बदलाचा खर्च बऱ्याचदा स्टुडिओच्या माथी येतो. २०२३ मध्ये हॉलिवूडचे लेखक आणि नट संपावर गेले, तेव्हा आपल्याकडेही काम आटलं. फेब्रुवारी २०२५ मध्ये टेक्निकलर ही याच धंद्यातली कंपनी कोसळली आणि बंगळुरूत हजारोंची नोकरी गेली. त्यांच्या रोटोत काही खोट होती म्हणून नव्हे.

पोटात गोळा आला असेल तर त्याला कामाला लावा. सहा महिन्यांचा खर्च बाजूला पडेपर्यंत नवा फोन नको. शो, म्हणजे हातातला प्रकल्प, संपत आला की पुढच्या कराराचं स्वतः विचारा, लाजू नका. आपल्या कामाची नमुना-रील दीड-दोन मिनिटांची, प्रदर्शित आणि परवानगी असलेल्या कामाची, आणि प्रत्येक शॉटमध्ये आपला हात किती ते लिहिलेलं. दुसऱ्याचा शॉट आपला म्हणून लावू नये. मुलाखत घ्यायला नेमका तोच बसलेला असतो.

यंत्रांचंही मनात आणा. नूक या सॉफ्टवेअरमध्ये २०२१ पासून कॉपीकॅट नावाचं साधन आहे: कलाकाराने मोजक्या फ्रेमा नीट करायच्या, त्यावरून शिकून उरलेल्या ते करतं. रोटोच्या खुर्च्या यातून कमी होणार असंच मला वाटतं, आणि तसं नाही म्हणणाऱ्यांना बहुधा प्रवेश भरायचे असतात. मोजक्या फ्रेमा कुठल्या, आणि त्या नीट झाल्या हे कोण सांगणार, एवढी जागा मात्र उरते. ती डोळ्याची जागा आहे.

सॉफ्टवेअरपैकी ब्लेंडर फुकट आहे. शिकण्यापुरतं नूक आणि हूडिनीही फुकट मिळतं. तेव्हा आज संध्याकाळी गल्लीत जा, चालता चालता फोनवर पाच सेकंदांचं चित्रण करा, मध्ये विजेचा एक खांब येऊ द्या. रात्री तो खांब काढायला घ्या. मागचं झाड खांबापेक्षा हळू सरकतं, आणि झाडामागची भिंत त्याहून हळू. पहिल्यांदा अडकाल ते तिथेच.