वरचं खाचर

मुळशीत भाताच्या खाचरात पाणी घ्यायच्या आधी जुनी माणसं पाण्याचा रंग बघतात. जूनमध्ये ओढा तांबूस वाहिला तर कुणी धास्तावत नाही. डोंगरावरचा कुजलेला पाला आणि माती, म्हणजे पोयटाच येतो. पाणी राखाडी दिसलं, की मात्र बांधाचं तोंड बुजवायची घाई होते. वर कुठेतरी दगडखाण आहे आणि खडीक्रशरची भुकटी धुऊन आली आहे, हे रंगावरूनच कळतं.

ही भुकटी खाचरात बसली, की उघडिपीत तिची पापडी धरते. नखाने उचकटली तर सपाट खपल्या निघतात, आणि खालची माती गच्च आवळलेली. पाणी मुरत नाही, मुळांना हवा मिळत नाही.

हेच पाणी बाटलीत भरून तपासणीला दिलं, तर अहवाल बहुधा चांगलाच येईल. शेतीच्या पाण्यात मुख्यतः सामू, क्षार, सोडियम पाहतात. आपल्या काळ्या पाषाणात गंधकाची खनिजं नावापुरती, त्यामुळे काही कोळसाखाणींतून निघतं तसं आम्लपाणी इथे होत नाही. कागदावर पाणी सिंचनास योग्य, आणि शेत मात्र गुदमरलेलं.

गोव्यात डिचोली-सत्तरीच्या शेतांनी हा गाळ लाल रंगात पाहिला. एक टन लोहखनिज काढायचं तर अडीच-तीन टन माती-दगड बाजूला टाकावे लागत; पावसात ते ढीग ओहोळांत उतरत. लईराई देवीच्या शिरगावात तर खाणी भूजलाच्या पातळीच्याही खाली गेल्या. खाणीतलं पाणी उपसलं जाऊ लागलं आणि गावच्या विहिरी आटल्या. पावसाळ्यात चिखल, उन्हाळ्यात कोरड. ऑक्टोबर 2012 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने गोव्यातलं खाणकाम थांबवलं, 2018 मध्ये 88 खाणपट्ट्यांचं नूतनीकरण रद्द केलं. ढिगांवर पडणाऱ्या पावसाला मात्र कुठला मनाई हुकूम लागू होतो?

मुळशीच्या दगडखाणी त्या मानाने किरकोळ. हिंजवडीच्या इमारतींना खडी लागणार, ती कुठून तरी यायचीच. पण खाणीच्या तोंडाशी गाळ बसायला टप्प्याटप्प्याने खड्डे असावेत, आणि ते मे महिन्यातच उपसलेले असावेत, एवढं मागणं काही अवाजवी नाही. खरी पंचाईत पावसाने ओढ दिली की होते. खाणीत साठलेलं पाणी पंपाने ओढ्यात सोडायला तीच वेळ सोयीची, आणि लावणीला आलेल्या भाताला पाणी हवं असतं तेही तेव्हाच. मग उपाय एकच उरतो: सर्वांत वरच्या खाचरात पाणी तुंबवून ठेवायचं, गाळ तिथेच बसू द्यायचा आणि निवळलेलं पाणी खाली सोडायचं. खालच्या सगळ्यांना हे पटतं. वरचं खाचर ज्याचं आहे, त्याला विचारायला मात्र कुणी जात नाही.