पाहुणा आला कामाला

पाहुणा म्हणजे कोण, याची व्याख्या आमच्या बी.कॉम.च्या अभ्यासक्रमात नव्हती. पण संसारात पडलं की ती आपोआप कळते. ज्याला आपण ‘बसा हो, मी करतो’ म्हणतो आणि जो खरोखरच बसतो, तो पाहुणा. तिसऱ्या दिवशी तो स्वतःचा कप विसळून ठेवायला लागला, तर समजावं की गडी रुळला. चौथ्या दिवशी त्याला गिरणीतून दळण आणायला पाठवता आलं, तर तो पाहुणा उरलाच नाही, घरचा झाला. ‘तुम्ही आमचे पाहुणे, तेव्हा आधी मोरी घासा’ असं म्हणणारं घर मी तरी पाहिलेलं नाही.

एक देश मात्र पाहिला. म्हणजे पुस्तकात पाहिला. प्रत्यक्ष जर्मनीला जायला आमच्या रजा-प्रवास सवलतीचे हात पोचत नाहीत. महायुद्धानंतर पश्चिम जर्मनीत कारखाने धडधडायला लागले आणि माणसं कमी पडली. तेव्हा १९५५ साली इटलीशी, १९६० साली स्पेन आणि ग्रीसशी, ३० ऑक्टोबर १९६१ रोजी तुर्कस्तानशी, असे करार करून त्यांनी कामगार मागवले. या मंडळींना नाव पडलं ‘गास्टआर्बायटर’. गास्ट म्हणजे पाहुणा, आर्बायटर म्हणजे कामगार. आता पाहुणा आणि कामगार हे दोन शब्द एका दोरीनं बांधले की भांडण होणारच, हे कुठल्याही गृहिणीनं त्यांना सांगितलं असतं. पण करार करताना गृहिणींना कोण विचारतो?

एका बँकेतल्या कारकुनाला या उचापती कशाला, असं तुम्ही म्हणाल. कारण आमच्या शेजारी आहे. २०२४ साली महाराष्ट्र सरकारनं जर्मनीतल्या बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्याशी कुशल कामगार पाठवण्याचा करार केला, आणि तेव्हापासून शेजारच्या काकांचा आय.टी.आय. झालेला मुलगा रोज संध्याकाळी गच्चीवर जर्मन क्रियापदं घोकतो. परवा काका जिन्यात भेटले. “तुम्ही वाचता-बिचता, म्हणून विचारतो. पोरगं तिकडं जाऊन बदलणार तर नाही ना?” मी काही बोलायच्या आत मागून काकू म्हणाल्या, “त्याला तिथं जुळवून घ्यायला जमेल ना हो?”

बघा! एकाच जिन्यात, एकाच मुलाबद्दल, नवऱ्याला वाटतं बदलू नये आणि बायकोला वाटतं जुळवून घ्यावं. जगातल्या सगळ्या स्थलांतराचा पेच त्या दोन पायऱ्यांवर उभा होता. उत्तर शोधायला म्हणून मी त्या जुन्या पाहुण्यांची हकिगत वाचायला घेतली.

इस्तंबूलच्या कचेरीत जर्मन डॉक्टर उमेदवारांचे दातसुद्धा तपासत. पास झालेला माणूस सिर्केजी स्टेशनावर गाडीत बसे आणि म्युनिकला अकरा नंबरच्या फलाटावर उतरे. तुर्की करारात कलम होतं : दोन वर्षं काम करायचं आणि परत जायचं. कारखानदारच कुरकुरले. माणूस मशीनवर तयार होतो न होतो तोच निघून जाणार, मग पुन्हा नवा शिकवायचा! १९६४ साली कलम निघालं. त्याच वर्षी १० सप्टेंबरला कोलोनच्या डॉइट्स स्टेशनावर आर्मांदो रोद्रीगिश द सा नावाचा पोर्तुगीज सुतार उतरला. तो दहा लाखावा पाहुणा म्हणून त्याला बँड वाजवून मोपेड भेट दिली. पुढे तो आजारी पडून मायदेशी परतला आणि १९७९ साली वारला. मोपेड आज बॉनच्या इतिहास-संग्रहालयात आहे. म्हणजे जर्मनीत कायमची जागा मिळाली, पण मोपेडला.

बँकेत आमच्याकडे सस्पेन्स खातं नावाची एक चीज असते. पैसे आले, पण कुणाच्या खात्यात टाकायचे ते कळत नाही. मग तात्पुरते तिथं ठेवतात. या ‘तात्पुरते’वर सगळा भर. साहेब बदलतात, शाखेला नवा रंग लागतो, शिपाई आजोबा होतो. नोंद आपली तिथंच. ऑडिटर आला की तेवढ्यापुरती धावपळ. जर्मनीनं लाखो जिवंत माणसं अशी सस्पेन्स खात्यात ठेवली. आणि गंमत म्हणजे, त्या माणसांनीही स्वतःला तिथंच ठेवलं. ‘पुढच्या वर्षी परत जायचंय’ म्हणून बॅग कपाटावर तयार. भाषा शिकून काय करायची? पैसे साठवून गावाकडे घर बांधायचं. सरकारनं तरी भाषा कुठं शिकवली? नवागतांसाठी ६०० तासांचे भाषावर्ग कायद्यानं सुरू झाले २००५ साली. म्हणजे तुर्की करारानंतर ४४ वर्षांनी! तेवढ्या अवधीत माणूस नोकरीला लागून, निवृत्त होऊन, हयातीचा दाखला द्यायला रांगेत उभा राहतो.

नोव्हेंबर १९७३ मध्ये, तेलाचे भाव भडकल्यावर, जर्मनीनं नवी भरती बंद केली. हेतू हा, की पाहुणे कमी व्हावेत. झालं उलटं. तोवर आलेल्या सुमारे १ कोटी ४० लाखांपैकी १ कोटी १० लाख आपणहून परतले होते. पण आता एकदा बाहेर पडलं की पुन्हा आत घेणार नाहीत, हे कळल्यावर उरलेल्यांनी बूड हलवलं नाही. उलट बायकामुलांना बोलावून घेतलं. लोकलमध्ये खिडकी मिळालेल्या माणसाला विचारा, तो हे अर्थशास्त्र अर्ध्या मिनिटात समजावेल. १९८३ साली काम गेलेल्यांसाठी योजना निघाली : घरी परत जा आणि १०,५०० मार्क घ्या, शिवाय मुलामागे १,५००. आमच्याकडे याला स्वेच्छानिवृत्ती म्हणतात. तिच्यात स्वेच्छा कुणाची असते, ते सांगायला नको.

आणि मग सगळीकडून एकच ओरड सुरू झाली : ही माणसं आपल्यात मिसळत नाहीत!

इथं माझं घोडं अडतं. घरमालकाची काहीच अपेक्षा नसावी का? जरूर असावी. ज्या गावचं मीठ खायचं तिथला कायदा पाळावा, भाषा शिकावी, शेजाऱ्याला नमस्कार करावा. पण ही मागणी ‘राहा’ म्हटलेल्या माणसाकडे करता येते, ‘निघायचं कधी?’ असं रोज विचारलेल्याकडे नाही. ज्याला तुम्ही पाहुणा म्हणता, त्यानं घर आपलं का मानावं?

कॉमर्सच्या पहिल्याच आठवड्यात आम्हांला शिकवलं की प्रत्येक नावे रकमेला कुठंतरी जमा रक्कम असतेच. जुळवून घेण्याचंही तसंच. एकानंच जुळवून घेतलं तर ती एकतर्फी नोंद. ताळेबंद जुळत नाही. फुटबॉलपटू मेसुत ओझिल जर्मनीतच जन्मला, २०१४ साली त्या देशासाठी विश्वचषक जिंकला. २०१८ साली तुर्की राष्ट्राध्यक्षांबरोबरच्या छायाचित्रावरून वादळ उठलं, संघही हरला. तेव्हा जिंकलं की आपण जर्मन आणि हरलं की परके, अशी तक्रार करून तो संघातून बाहेर पडला. उलट, कोलोनच्या मोटार कारखान्यातल्या एका तुर्की कामगाराचा मुलगा, उगुर शाहीन, याच्या कंपनीनं २०२० साली करोनाची लस काढली, तेव्हा त्याला पाहुणा म्हणायचं कुणाला सुचलं नाही.

माणूस एखाद्या जागी उमेदीची वर्षं ओततो, तेव्हा ती वर्षं तिथं जमा होतात. वहीत व्याज लिहिलं नाही म्हणून ते चढायचं थांबत नाही. जर्मनीनं ते हळूहळू मांडायला घेतलं : दीर्घकाळ राहिलेल्या परदेशी आईबापांच्या तिथं जन्मलेल्या मुलांना २००० सालापासून नागरिकत्व, आणि जून २०२४ पासून जुनं नागरिकत्व न सोडता नवं घेण्याची मुभा. तोवर पहिल्या गाडीनं आलेल्यांतले कितीतरी मातीआड गेले होते.

हे सगळं मी काकांना सांगितलं. ते म्हणाले, “आमचा काय, दोन-तीन वर्षंच जाणार. तेवढ्यापुरतं निभावेल.”

“काका,” मी म्हटलं, “तो ‘तेवढ्यापुरतं’ शब्द तेवढा त्याच्या सामानातून काढा. दोन वर्षं राहू दे नाहीतर वीस, पण राहील तितके दिवस पुरता राहू दे.”

काका विचारात पडले. काकू मात्र लगेच म्हणाल्या, “मग गोडा मसाला जास्तच देते. शेजाऱ्यांना पण लागेल.”