पातेल्यात साठलेले पाणी



या वेळचा विषय जरा घरगुती आहे. घरातली गरम पाण्याची टाकी गळू लागली तर काय करावे?

याचे पहिले उत्तर सोपे आहे, ते आधीच सांगून टाकतो. टाकीत थंड पाणी आणणाऱ्या पाइपवरची चावी बंद करा. टाकी गॅसवर चालत असेल तर तिचे बटण बंद करा, विजेवर चालत असेल तर ब्रेकर पाडा. मग पाणी कुठून येते ते बघा. पाइपच्या जोडातून किंवा खालच्या तोटीतून येत असेल तर बहुधा दुरुस्ती होते. सुरक्षेच्या व्हॉल्व्हमधून येत असेल तर आतला दाब किंवा तापमान वाढलेले असू शकते. त्या व्हॉल्व्हला कधीही बूच मारू नका, टाकी फुटू नये म्हणूनच तो बसवलेला असतो. पाणी टाकीच्या अंगातूनच झिरपत असेल तर मात्र ती बदलण्यावाचून इलाज नाही.

दुसरे उत्तर इतके सोपे नाही. ते मला वेळेवर देता आले नाही, म्हणून हा लेख.

आम्ही न्यू जर्सीत एका कॉन्डोच्या वरच्या मजल्यावर राहतो. खाली सत्तरी ओलांडलेल्या एक बाई एकट्याच राहतात. ऑक्टोबरमध्ये आमच्या हीटरच्या कपाटात टाकीखाली ओल दिसली. मी पुसली. दुसऱ्या दिवशी पुन्हा दिसली. मग मी तिथे एक जुने पातेले सरकवले आणि दर रविवारी ते रिकामे करू लागलो. टाकी 12 वर्षांची होती. अशा टाकीचे आयुष्य साधारण 8 ते 12 वर्षे असते, हे मला ठाऊक होते. पण डिसेंबरची भारताची तिकिटे काढून झाली होती, खर्च डोळ्यांपुढे होता. "परत आल्यावर बघू," असे मी घरात सांगितले.

जानेवारीतल्या एका पहाटे टाकीचा तळ गेला. आत 40 गॅलन, म्हणजे सुमारे 150 लिटर पाणी होते. शिवाय मी जागा होऊन चावी बंद करेपर्यंत नळाचे पाणी येतच राहिले. खालच्या बाईंच्या झोपायच्या खोलीचे छत भिजून त्याचा एक तुकडा पलंगावर पडला. त्या नुकत्याच उठून स्वयंपाकघरात गेल्या होत्या.

इन्शुरन्सवाल्यांना फोन केला. पलीकडच्या माणसाने शांतपणे विचारले, "गळती पहिल्यांदा कधी लक्षात आली?" घराच्या पॉलिसीत साधारणपणे अचानक झालेल्या नुकसानीची भरपाई मिळते, महिनोन्‌महिने दुर्लक्षित राहिलेल्या गळतीची मिळत नाही. "आज पहाटे" एवढेच म्हटले असते तर काम झाले असते. आदल्याच रविवारी विहारात आपण सर्वांनी मिळून पंचशील घेतले होते. मी थोडा थांबलो आणि "ऑक्टोबरमध्ये" असे सांगितले. आमच्या घराची भरपाई नाकारली गेली. खालच्या छताचे पैसे मी हप्त्यांनी फेडतो आहे.

हे वाचून तुम्ही म्हणाल, चौथे शील पाळले, चांगले केले. मलाही दोन दिवस तसेच वाटत होते. पण नंतर लक्षात आले की मुसावाद फोनवर होणार होता असे नाही, तो ऑक्टोबरपासूनच चालू होता. पातेले हेच माझे खोटे बोलणे होते. दर रविवारी ते रिकामे करताना मी स्वतःलाच सांगत होतो की काही झालेले नाही.

इथे एक प्रश्न उभा राहतो आणि तो तुम्हीही विचारून पाहावा असा आहे. बुद्धांनी कर्माचे मूळ चेतनेत, म्हणजे हेतूत पाहिले. माझा हेतू कुणाला इजा करण्याचा नव्हता. मग दोष कुठे?

मी जितका विचार केला, तितके हे समर्थन पोकळ वाटू लागले. इजा करण्याचा हेतू नव्हता हे खरे, पण न बघण्याचा हेतू नक्की होता. पातेले आपोआप तिथे गेले नाही, ते मी ठेवले. पैसे वाचावेत हा लोभ होता आणि ओल म्हणजे फक्त ओल असे मानणे हा मोह होता. आपण पाचवे शील घेताना 'पमाद' हा शब्द उच्चारतो आणि त्याचा अर्थ दारूपुरता ठेवतो. दारू वर्ज्य आहे ती पमाद आणते म्हणून. तो पमाद दारूवाचूनही येतो, शुद्धीवर असताना, पातेले हातात घेऊन येतो. धम्मपदात 'अप्पमाद' या विषयाला एक पूर्ण वग्ग दिलेला आहे आणि कुसिनारा येथे तथागतांनी भिक्खूंना केलेला अखेरचा उपदेशही अप्रमादाचाच होता.

टाकीच्या आत एक धातूची कांडी असते, बहुधा मॅग्नेशियमची किंवा ॲल्युमिनियमची. पाणी आधी त्या कांडीला खाते, म्हणून टाकीचे पोलाद वाचते. कांडी संपली की पाणी पोलादाकडे वळते. काही वर्षांनी ती तपासून बदलायची असते. मी 12 वर्षांत एकदाही पाहिली नाही. अनित्यतेवर मी या वार्तापत्रात दोन लेख लिहिले आहेत!

नंतर मी खालच्या बाईंकडे गेलो. त्यांनीही तोच प्रश्न विचारला, "तुम्हाला ठाऊक होते?" मी "हो" म्हणालो. त्या रागावल्या नाहीत. एवढेच म्हणाल्या, "मला सांगितले असते, तर मी पलंग सरकवला असता."

बंधू-भगिनींनो, हे वाक्य अजून माझ्या मनातून जात नाही. मला वाटत होते की गळती माझी, टाकी माझी, खर्च माझा, तर कधी बघायचे हेही मीच ठरवणार. पण माझी फरशी म्हणजे त्यांचे छत. गळतीची माहिती त्यांच्याही हक्काची होती. धम्माचा प्रश्न माणसामाणसांतल्या संबंधांचा आहे, हे बाबासाहेबांनी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' मध्ये आग्रहाने मांडले आहे. ते मी वाचले होते, पण आपल्या पायाखालच्या माणसाला लावून पाहिले नव्हते.

आपल्याला तर हे अधिक कळायला हवे. 1923 साली मुंबई कायदेमंडळात बोले यांचा ठराव झाला, 1924 साली महाड नगरपालिकेने चवदार तळे सर्वांना खुले केल्याचे ठरवले. तरी 20 मार्च 1927 रोजी बाबासाहेबांना ओंजळ भरावी लागली, कारण मधल्या काळात ठराव कागदावरच राहिला. माझ्या टाकीची त्या तळ्याशी बरोबरी नाही. पण ठाऊक असूनही काही न करणाऱ्यांमुळे दुसऱ्यांना काय सोसावे लागते, हे आपल्या आजा-पणज्यांनी पाहिले आहे. त्यांच्या वारसाने तरी पातेले सरकवून निवांत झोपू नये.

आज रात्री हीटरच्या कपाटाचे दार उघडा. टाकीखाली हात फिरवून बघा, टाकीवरच्या पाटीवरून तिचे वय काढा. ओल लागली तर चावी बंद करा, प्लंबरला बोलवा आणि खाली कुणी राहत असेल तर आधी त्यांचे दार वाजवा.

नमो बुद्धाय, जय भीम!