अंगावरचा अलंकार आणि अंतरीची स्मृती

'अलंकार' हा शब्द 'अलम्' आणि 'कृ' या दोहोंपासून सिद्ध झाला आहे. 'अलम्' म्हणजे पुरेसे. जे उणे आहे ते पुरे करणे, माणसाला योग्य आणि समर्थ करणे, हा अलंकाराचा मूळ अर्थ होय. पुढे तो अर्थ शोभेपुरता उरला. तथापि गृहस्थाच्या घरात दागिना केवळ शोभेसाठी कधीच नव्हता. सौभाग्यवतीच्या गळ्यातील मंगळसूत्र, वारकऱ्याच्या गळ्यातील तुळशीची माळ, धर्मकृत्याच्या वेळी अनामिकेत घालावयाचे दर्भाचे पवित्रक, या सर्वांचे मुख्य कार्य धारण करणाऱ्याला कशाची तरी आठवण देत राहणे हेच आहे.

अलीकडे तरुण पिढीत एक निराळाच प्रघात दिसू लागला आहे. काळवंडलेल्या चांदीच्या अंगठ्या, त्यांवर कोरलेली कवटी किंवा वटवाघूळ, गळ्यात काळा खडा, अशा दागिन्यांना 'गॉथिक' असे नाव आहे. ते वापरणारे सांगतात की, त्यांच्यामुळे मन ठिकाणावर राहते. ही आपण आपली घेतलेली काळजी आहे. वडीलधाऱ्यांना मात्र त्यात अभद्राखेरीज काही दिसत नाही. मृत्यूचे चिन्ह अंगावर बाळगून मनाला शांती मिळू शकते काय? आणि मिळत असेल, तर ती कोणत्या योग्यतेची मानावी? हा प्रश्न आता पुष्कळ घरांच्या उंबरठ्याशी येऊन ठेपला आहे.

बंगळूर शहराच्या वायव्येस, तुमकूरु रस्त्यालगत, पीण्या औद्योगिक क्षेत्र आहे. 1970 च्या दशकात वसलेल्या या क्षेत्रात आज हजारो लहानमोठे कारखाने आहेत. कोठे लेथवर लोखंड कातले जाते, कोठे धातूवर मुलामा चढविला जातो, कोठे तयार कपडे शिवले जातात. 2014 साली मेट्रो येथवर आली. परंतु पाळीची वेळ, तेलाचा वास आणि यंत्रांचा घरघराट यांतच येथील माणसांचा दिवस आजही जातो. बेळगावकडील एका खेड्यातून येऊन येथे स्थिरावलेल्या एका मराठी कुटुंबातील हा प्रसंग आहे.

वडील तीस वर्षे टर्नरचे काम करीत आलेले, घराणे वारकऱ्यांचे. कन्या डिप्लोमा होऊन जवळच्याच एका कारखान्यात तयार भागांची मापे तपासण्याच्या कामावर लागलेली. तिची बालपणापासूनची मैत्रीण अल्पशा आजाराने गेली. त्यानंतर मुलीचे बोलणे थांबले, जेवण तुटले, झोप उडाली. काही आठवड्यांनी तिने बाजारातून एक अंगठी आणली; तिच्यावर बारीकशी कवटी होती. रोज सकाळी निघण्यापूर्वी ती खिडकीशी बसे, अंगठी हळूच बोटात चढवी, धातूचा गारवा जाणवेपर्यंत थांबे, दहा श्वास सावकाश घेई, मैत्रिणीचे स्मरण करी आणि मनाशी म्हणे, "आजचा दिवस मला मिळाला आहे." हळूहळू तिला झोप लागू लागली.

आईला हे पाहवेना. ती म्हणाली, "संध्याकाळी देवापुढे दिवा लावायचा तो याच हातानं, आणि त्याच हातात ही कवटी? काढ ती आधी."

मुलगी म्हणाली, "आई, ती काढली की मला पुन्हा धस्स होतं ग."

वडील त्या दिवशी काही बोलले नाहीत.

आईच्या आक्षेपाचा प्रथम विचार करू. हे रूप परके आहे आणि अशुभ आहे, असे तिचे म्हणणे. 'गॉथ' हे युरोपातील एका प्राचीन जमातीचे नाव. पुढे इटलीतील पंडितांनी मध्ययुगीन वास्तुशैलीला तुच्छतेने 'गॉथिक' म्हटले. त्याच शैलीचे पुनरुज्जीवन करून 1888 साली मुंबईत बोरीबंदरची भव्य इमारत पुरी झाली. आज छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस या नावाने ती सर्वांच्या परिचयाची आहे. तिच्या कमानींखालून जाणाऱ्या चाकरमान्याला आपण काही अभद्र करीत आहो असे कधी वाटत नाही. युरोपात सोळाव्या-सतराव्या शतकांत कवटी कोरलेल्या अंगठ्या घालीत, त्या 'आपणासही मरावयाचे आहे' याचे विस्मरण होऊ नये म्हणून. 1861 साली पती निवर्तल्यावर इंग्लंडच्या व्हिक्टोरिया राणीने 1901 मध्ये स्वतःचा अंत होईपर्यंत काळी वस्त्रे सोडली नाहीत; तिच्यामागे शोकाच्या काळ्या दागिन्यांची चालच पडली. आजचा प्रघात या परंपरेचाच दूरचा वंशज आहे.

आणि आपल्याकडे? भगवान शंकराच्या गळ्यात मुंडमाळा आहे, अंगाला चिताभस्म आहे, आणि त्यांनाच आपण 'शिव' म्हणजे मंगल म्हणतो. मंगळसूत्रातील मणी काळेच असतात. संक्रांतीला नव्या सुनेला काळी साडी नेसवून तिच्या अंगावर हलव्याचे दागिने घालतात. ते साखरेचे दागिने टिकावयाचे नसतात हे सर्वांना ठाऊक असते, तरी त्या सोहळ्याचा आनंद उणावत नाही. स्वतः गीतेने जन्म, मृत्यू, जरा आणि व्याधी यांतील दोष पुनःपुन्हा पाहणे हे तेराव्या अध्यायात ज्ञानाच्या लक्षणांत गणले आहे, आणि दहाव्या अध्यायात सर्व हरण करणारा मृत्यू ही भगवंताने आपलीच विभूती म्हणून सांगितली आहे. तेव्हा काळा रंग किंवा कवटी एवढ्यावरून कोणाला दोषी ठरविता येणार नाही. आईचे भय मायेपोटी आले होते. परंतु शास्त्राचा आधार त्याला नव्हता.

आता मुलीच्या बाजूचा विचार करावा. ज्या 'सजगते'चा आज सर्वत्र बोलबाला आहे, तिच्यासाठी रूढ असलेला इंग्रजी शब्द ऱ्हीस डेव्हिड्स या पंडिताने 1881 साली पाली ग्रंथांचा अनुवाद करताना योजला. मूळ पाली शब्द 'सति' होय, आणि तो संस्कृत 'स्मृति' या शब्दाचेच रूप आहे. भाषांतराच्या प्रवासात पुष्कळांच्या लक्षातून हे निसटले की, येथे मुळात आठवणीचा विचार आहे. गीतेतही या शब्दाचे स्थान मोठे आहे. विषयांच्या चिंतनातून आसक्ती, तिच्यातून काम, कामातून क्रोध, क्रोधातून संमोह आणि संमोहातून स्मृतिभ्रंश, असा नाशाचा क्रम दुसऱ्या अध्यायात दाखविला आहे. उपदेशाच्या अखेरीस अर्जुन जे मिळाले म्हणून सांगतो, तीही स्मृतीच आहे. ती मिळताच तो युद्धास सिद्ध होतो.

त्या अंगठीने मुलीला अशीच एक आठवण दिली. शोकाने सैरभैर झालेल्या मनाला एखादे आलंबन लागते. मूर्ती, माळ, दिव्याची ज्योत ही सर्व आलंबनेच आहेत. आपणच आपला उद्धार करावा, आपणास खचू देऊ नये, हा सहाव्या अध्यायातील उपदेश ध्यानी घेतला, तर स्वतःची काळजी घेणे हे स्वार्थाचे लक्षण ठरत नाही. मित आहार, मित विहार, योग्य निद्रा आणि योग्य जागृती यांनाच तेथे दुःख हरण करणारा योग म्हटले आहे. मुलीची झोप परत आली, ही क्षुल्लक गोष्ट नव्हती.

परंतु आलंबन आणि अवलंबन यांत भेद आहे. पहिल्याच्या आधाराने माणूस उठतो. दुसरे सुटले की तो पडतो. मुलगी यांपैकी कोठे उभी होती, याची कसोटी लवकरच आली.

तिची नेमणूक यंत्रशाळेत, प्रत्यक्ष यंत्रांजवळ झाली. तेथे बोटात अंगठी, हातात बांगडी, गळ्यात साखळी चालत नाही. फिरत्या चकात किंवा ड्रिलमध्ये अंगठी अडकली, तर क्षणार्धात बोटाचे मांस सोलून निघते. म्हणून अशा यंत्रावर हातमोजेसुद्धा घालू देत नाहीत. पहिल्याच दिवशी तिला दाराशी अंगठी काढावी लागली. दिवसभर तिचा अंगठा त्या रिकाम्या बोटाकडे वळत राहिला. संध्याकाळी घरी येऊन ती म्हणाली, "बाबा, मला हे काम जमणार नाही. मी नोकरी सोडते."

तेव्हा वडील बोलले. "पोरी, मी कामाला लागलो तेव्हा माझ्या गळ्यात माळ होती. मेस्त्री म्हणाला, लेथवर गळ्यात काही लोंबता कामा नये. माळ उतरवायची म्हणजे व्रत मोडायचं. मी दोन दिवस कामावर गेलो नाही. गावी जाऊन तुझ्या आजोबांना विचारलं. ते म्हणाले, 'उतरवताना नाव घे, घालताना नाव घे. मधल्या आठ तासांत नाव विसरलास, तर तो दोष माळेचा नव्हे.' पहिलं वर्षभर मी रोज विसरायचो. आता चक फिरू लागला की विठ्ठलाचं नाव आपोआप ओठावर येतं. माळ डब्यात असते, पण मला ती गळ्यात नाही असं वाटत नाही."

मुलगी म्हणाली, "तुमचं तीस वर्षांचं आहे, बाबा. मला तर दहा मिनिटंही धीर धरवत नाही."

"नसेल धरवत. अंगठी टाकून दे असं मी म्हणतच नाही. पण तिनं तुला काय शिकवलं ते बघ. माणूस अवचित जातं, हेच ना? मग तुझ्या हातात जे माप आहे ते नीट बघ. तुझ्या नजरेतून चुकीचा भाग सुटला, तर तो उद्या कुठल्या तरी गाडीच्या ब्रेकमध्ये बसतो. त्या गाडीत कुणाचं तरी लेकरू असतं, कुणाची तरी मैत्रीण असते."

मुलगी काही बोलली नाही. दुसऱ्या दिवशी निघताना आईने जुना, रिकामा कुंकवाचा करंडा तिच्या हाती ठेवला आणि म्हणाली, "तिथं काढलीस की यात ठेवत जा. हरवायची नाही तर."

या प्रसंगाचा सारांश गृहस्थाने विसरू नये. भगवंताने अर्जुनाला सर्वकाळ स्मरण ठेवावयास सांगितले आणि त्याच वाक्यात युद्ध करावयासही सांगितले. स्मरण एका घटकेला आणि काम दुसऱ्या घटकेला, अशी वाटणी त्याने केली नाही. खिडकीशी घेतलेले दहा श्वास हा आरंभ होता. मृत्यूची आठवण कर्मात उतरून दुसऱ्याच्या जीविताची काळजी होते, तेव्हा ती आठवण पुरी झाली असे म्हणावे. जी शांती केवळ स्वतःच्या मनाभोवती फिरते, ती थोड्याच दिवसांत पुन्हा अशांत होते; कारण स्वतःचे मन न्याहाळीत राहण्याचेही व्यसन जडू शकते.

दुसराही एक धोका सांगितला पाहिजे. चिन्ह अंगावर आले की ते लोकांना दाखविण्याची इच्छा त्याच्या मागोमाग येते. कवटीची अंगठी मिरविणारा आणि गंधमाळा मिरविणारा, दोघेही या बाबतीत एकाच पंक्तीला बसतात. सतराव्या अध्यायात मनाचे तप सांगताना मनाची प्रसन्नता, सौम्यपणा, मौन, आत्मसंयम आणि भावनेची शुद्धी एवढ्यांचीच गणना आहे. त्यांतील एकही गोष्ट दुसऱ्याला दाखविता येत नाही. शिवाय काळ्या केलेल्या चांदीचा काळेपणा हा गंधकाच्या योगाने आलेला एक पातळ थर असतो. जेथे बोट वारंवार घासते तेथे तो झिजून खालची पांढरी चांदी उघडी पडते. बाह्य खुणेचे आयुष्य एवढेच.

म्हणून ज्यांच्या घरी असा प्रश्न उभा राहील, त्यांनी प्रथम दागिन्याकडे न पाहता मुलाच्या चेहऱ्याकडे पाहावे. त्याला कशाचे दुःख आहे, ते विचारावे. शोक महिनोन् महिने ओसरत नसेल, अन्न आणि झोप तुटत असेल, तर आपल्या माणसांशी बोलणे आणि वैद्याचा सल्ला घेणे, हाही युक्त आचाराचाच भाग आहे. तेथे अंगठीवर किंवा माळेवर विसंबून राहू नये. आणि ज्यांना अशा खुणेचा आधार वाटतो, त्यांनी स्वतःला एकच प्रश्न विचारावा: ही उतरविल्यावर माझ्यापाशी काय उरते?

दर्भाचे पवित्रक या बाबतीत सर्वांना मार्गदर्शक आहे. गवताची ती अंगठी कर्म चालू असेतोवर बोटात असते; कर्म संपले की तिची गाठ सोडून तिचा त्याग करतात. तिने आपले काम केलेले असते, आणि केलेल्या कर्माचे पावित्र्य तिच्यासोबत निघून जात नाही. पीण्यातील ती मुलगी आजही सकाळी अंगठी घालते आणि यंत्रशाळेच्या दाराशी काढून करंड्यात ठेवते. मधल्या आठ तासांत तिचे बोट रिकामे असते आणि नजर मापावर असते. 'अलम्' या शब्दाचा अर्थ 'पुरे' असा आहे. जो अलंकार माणसाला एवढे पुरेपण देऊन बाजूला होतो, तो काळा असो वा सोन्याचा, त्याला अलंकार हे नाव शोभते.