ताटीबाहेर कोण बसणार?

दहावीला असलेला घरातला मुलगा पंधरा दिवस दार लावून बसतो. जेवायला हाक मारली की भूक नाही म्हणतो. रात्री उशिरापर्यंत दिवा चालू असतो आणि पुस्तक त्याच पानावर उघडे असते. आजोबा म्हणतात, हरिपाठाला बसत जा, मन आपोआप ताळ्यावर येईल. वडील म्हणतात, "माउलींनी तुझ्या वयात ज्ञानेश्वरी सांगितली आणि तुला भूमितीचा पेपर जड जातो?" दोघांच्याही पोटात माया आहे. तरी दार उघडत नाही. त्या दाराशी वारकऱ्याचा धर्म कोणता, एवढाच प्रश्न आज मनाशी धरू या.

वडिलांचे वाक्य आधी घेऊ. हिशेब खरा आहे. परंपरा ज्ञानदेवांचा जन्म शके ११९७ चा मानते आणि ज्ञानेश्वरी शके १२१२ मध्ये नेवाशाला पूर्ण झाली, म्हणजे वय दहावीतल्या मुलाएवढेच. पण मग त्या वयात आणखी काय काय वाट्याला आले होते, तेही मुलाला सांगावे लागेल. संन्याशाची पोरे म्हणून चारही भावंडांना वाळीत टाकले गेले, मुंजीचा अधिकार नाकारला गेला, आईवडिलांचे छत्र हरपले. आणि एक दिवस कोणीतरी असे लागट बोलले की ज्ञानदेवांनी झोपडीची ताटी लावून घेतली आणि ते आत बसून राहिले. ज्यांचे नाव घेऊन आपण मुलाला लाजवतो, त्यांनीही दार लावले होते. कीर्तनात भिंत चालवण्याच्या प्रसंगाला रंग अधिक चढतो, पण घरात वाढते मूल असेल तर ताटीपाशी जरा जास्त थांबावे असे मला वाटते.

त्या ताटीबाहेर बसली मुक्ताई. परंपरेच्या हिशेबाने भावापेक्षा चार वर्षांनी लहान. गावाचे बोलणे तिलाही लागत होते, ती काही कोरड्या जागी उभी राहून सांगत नव्हती. आता कोणी म्हणेल, मुक्ताईनेही शेवटी उपदेशच केला ना, मग आम्ही केला तर काय चुकले? आक्षेप योग्य आहे. ताटीच्या अभंगांत क्षमा आहे, राग गिळण्याची शिकवण आहे, संताने कसे असावे तेही आहे. पण त्या उपदेशात दुसऱ्या कोणाशी तुलना नाही. लोकांचे बोलणे लहान आणि तू मोठा, याचीच आठवण ती त्याला देते. दार उघड ही विनवणी ती पुन्हा पुन्हा करते. एक अभंग म्हणून, आपले कर्तव्य झाले असे समजून ती उठून गेली नाही. तिने ताटी ढकललीही नाही. आपला उपदेश बहुतेक वेळा जाता जाता केलेला असतो, एक पाय घरात आणि एक पाय बाहेर. मुलाला ते बरोबर कळते.

आपल्या माळकरी घरांतली मुले टोमण्यांनाही नवी नाहीत. गळ्यात तुळशीची माळ, कपाळी बुक्का, डब्यात कांदा-लसूण नाही. वर्गात कोणी 'बुवा' म्हणून हाक मारते आणि सगळी बाके हसतात. घरी सांगितले तर उत्तर मिळते, "लक्ष देऊ नकोस, पांडुरंग बघतोय." पांडुरंग बघतो हे खरेच. पण मुलाला तेव्हा घरातले कोणीतरी बघायला हवे असते.

याच्या मागे एक समजूत दडलेली आहे. दुःख झाले म्हणजे श्रद्धा कमी पडली, रडले म्हणजे भाव कच्चा. ही समजूत आपल्या संप्रदायाची नव्हे. १६३० च्या दुष्काळात तुकोबांच्या घरातली माणसे गेली, आणि पुढे त्यांनी आपली तळमळ देवापुढे उघडी मांडली. नामदेव देवावर रुसले. जनाबाई विठ्ठलाशी चक्क भांडली. चोखोबांनी आपल्या वाट्याला आलेल्या अपमानाचा जाब देवालाच विचारला. ते सारे आपण एकादशीला टाळाच्या ठेक्यावर गातो आणि घरातले मूल "मला जमत नाही" म्हणाले की त्याला नास्तिक ठरवतो, निदान आळशी तरी. देवाशी भांडण्याची मोकळीक ज्या परंपरेत आहे, त्या घरात मुलाला बापाशी दोन शब्द खरे बोलता येऊ नयेत?

नाम हा आधार आहेच. पण शिक्षा म्हणून दिलेले नाम मुलाच्या मनात नामाविषयीच कडवटपणा पेरते. वारीत दिवेघाट चढताना पायाला फोड आले तर 'तुझे नामस्मरण कमी पडले' असे कोणी म्हणत नाही. दिंडीकरी त्याला वैद्यकीय पथकाकडे नेतात, मलमपट्टी होते, गरज पडली तर दिंडीच्या ट्रकमध्ये बसवतात. त्याने वारी मोडली असे कोणी मानत नाही. मनाच्या फोडाला हाच न्याय का नको? झोप, जेवण, खेळ दोन-दोन आठवडे बिघडलेले असेल तर डॉक्टरांकडे न्यावे. शासनाची टेलिमानस ही सेवा आहे, तिचा क्रमांक १४४१६. तिथे मराठीतही बोलता येते. आणि मूल "मी नसतो तर बरे झाले असते" असे काही बोलले, तर ते हसण्यावारी नेऊ नये. जीव द्यावासा वाटतो का, हे सरळ विचारावे. विचारल्याने तो विचार डोक्यात शिरतो ही भीती खोटी आहे. उलट मुलाला हायसे वाटते. तेव्हा त्याला एकटे सोडू नये आणि त्याच दिवशी मदत घ्यावी.

वारीच्या वाटेवर आपण समोरच्याचे वय बघत नाही. सात वर्षांच्या पोरालाही माउली म्हणतो, त्याच्या पायाला हात लावतो. घरी आल्यावर त्याच माउलीला पहिला प्रश्न टक्क्यांचा असतो. आज संध्याकाळी हरिपाठ झाला की टाळ ठेवा आणि त्या बंद दाराबाहेर खाली बसा. काय झाले म्हणून लगेच विचारू नका. जेवण झाकून ठेवले आहे, मी इथेच ओसरीवर आहे, एवढे सांगा. आतून उत्तर आले नाही तरी बसून राहा.